उरलेल्या चिठ्ठ्या

दिवा लाल झाला तेव्हा शिरीष स्टेशनाच्या दाराशी लावलेल्या अडथळ्यांच्या पलीकडे पोचला होता. त्याच्यासाठी हिरवा लागला होता, आणि कुणाची झडती घ्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणाऱ्या स्वतःच्याच यंत्राने आपल्याला जाऊ दिलं याचं त्याला नेहमीसारखं किंचित हसूही आलं होतं. मागे वळून तो बाबांना हात करणार, तोच त्याला दिसलं की बाबा दिव्याच्या खांबासमोर थांबलेत. मान वर करून, कानटोपी कपाळावरून मागे सरकवून, ते त्या दिव्याकडे कौतुकाने बघत होते. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि खांबाचा फोटो घेतला. खांबाशेजारी उभ्या असलेल्या तरुण पोलिसाने त्यांच्याकडे बघितलं. टोपीकडे, खांद्यावरच्या फुगलेल्या कापडी पिशवीकडे, मोबाईलकडे. पोलिसाच्या हातात तळहाताएवढं यंत्र होतं. त्या यंत्राच्या कडेवर त्याचा अंगठा एकदा दबला. बाबा मोबाईल खिशात ठेवून पुढे आले आणि दिवा लाल झाला.

अंगठ्याची ती हालचाल इतकी लहान होती की ती दिसायला माणसाला आधी बटण कुठे आहे हे माहीत असायला हवं. शिरीषला माहीत होतं. बटणाची जागा त्यानेच ठरवली होती. थंडीत हातमोजे घातलेल्या अंगठ्यालाही ते सापडावं म्हणून त्यावर बारीकसा उंचवटा असू द्या, हेही त्यानेच सुचवलं होतं, आणि त्या सूचनेचं बैठकीत कौतुक झालं होतं.  जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय आपटावा तसा तो थबकला. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते दोन्ही हात वर करून आनंदाने ओरडले, "शिरीष! अरे, माझी चिठ्ठी निघाली!"

स्टेशनात शिरणारे लोक वळून बघायला लागले. शिरीष परत आला. तोवर बाबांनी पिशवी टेबलावर ठेवून स्वतःच उघडली होती आणि एकेक जिन्नस काढून मांडत होते, पाहुण्यांना फराळ दाखवावा तसे. शिरीषच्या बायकोने, नंदिनीने, फडक्यात बांधून दिलेल्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, दोन काकड्या, कागदाच्या पुडीत तिखट-मीठ, आणि हातरुमालात गुंडाळलेला लाकडी मुठीचा घडीचा चाकू. चाकू बघून पोलिसाचा चेहरा बदलला नाही, फक्त त्याचा आवाज जरा हळू झाला. हा पट्टा शस्त्रबंदीचा आहे, तो म्हणाला, इथे चाकू आणता येत नाही, फळं कापायचाही नाही. आजोबा पाहुणे आहेत म्हणून पुढची कारवाई करत नाही, पण चाकू ठेवून घ्यावा लागेल. मुलगा सभ्य होता. त्याने आजोबांना बसायला खुर्ची दिली, काकड्या परत पिशवीत नीट ठेवल्या आणि शिरीषला समजावलं, "वाईट वाटून घेऊ नका. हा निव्वळ त्सुफाल आहे, सगळ्यांना सारखाच."

त्सुफाल म्हणजे योगायोग. बाबांना जर्मन येत नव्हतं, पण हा एक शब्द त्यांचा तोंडपाठ होता, कारण दिव्याच्या उद्घाटनाला इथल्या महापौरबाईंनी केलेल्या भाषणात तो होता. "त्सुफाल! त्सुफाल!" म्हणत त्यांनी पोलिसाचा हात हातात घेऊन हलवला. पारदर्शक पिशवीत जाणाऱ्या चाकूकडे त्यांनी एकदाच बघितलं. "ठेवा, ठेवा," ते मराठीतच म्हणाले, "नियम तो नियम." पोलिसाने शिरीषकडे बघून स्मित केलं. शिरीषनेही केलं. आपण स्मित केलं, हे पुढे गाडीत बसल्यावर त्याला चाकूपेक्षा जास्त टोचत राहिलं.

गाडी येनाला निघाली होती. त्याची मुलगी अन्वी तिथे विद्यापीठात शिकत होती, आणि आजोबांना तिची प्रयोगशाळा बघायची होती. खिडकीजवळची जागा बाबांना देऊन शिरीष समोर बसला. बाहेर कापणी झालेली शेतं, मधूनच पवनचक्क्या, एखाद्या गावाचं टोकदार छप्पर. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते आणि अधूनमधून मोबाईलमधला खांबाचा फोटो काढून परत परत बघत होते. तो चाकू आईचा होता. गाडीत बसलं की आई हातरुमाल मांडीवर पसरायची, काकडीचं टोक कापून त्याने काकडी घासायची, मग चकत्या करून तिखट-मीठ लावून आधी समोरच्या अनोळखी माणसाला द्यायची आणि मग घरच्यांना. ती गेल्यावर बाबांनी तिच्या बाकीच्या वस्तू वाटून टाकल्या, हा चाकू तेवढा ठेवला. आपल्या यंत्राच्या कामात वर्ष घालवलेल्या माणसाला घरातून निघताना वडिलांची पिशवी एकदा चाचपावी हे सुचलं नव्हतं. चाकू म्हटलं की शिरीषच्या डोळ्यांसमोर कुणाच्यातरी जाकिटातलं पातं यायचं, आणि आई काकडीची चकती पुढे करायची ती वेगळ्याच कप्प्यात राहायची.

पण चाकूचं दुःख सरळ होतं. अंगठ्याचं तसं नव्हतं. शिरीषने स्वतःशी वाद घालून बघितला. एक म्हातारा तपासणीच्या तोंडाशी थांबतो, यंत्रणेचा फोटो काढतो, त्याच्या खांद्यावर भरलेली पिशवी असते. मी पोलीस असतो तर मीही दाबलं असतं. शिवाय चाकू निघालाच की. वाद बिनतोड होता आणि त्याने काहीही शांत झालं नाही. कारण रांगेत शिरीषच्याही पुढे असलेला एक गोरा म्हातारा थांबला होता, चष्मा पुसून दिव्याकडे बघत काहीतरी पुटपुटला होता, त्याच्या पाठीवरही पिशवी होती, आणि अंगठा जागचा हलला नव्हता. हे शिरीषने बघितलं होतं. बघितलेलं न बघितलेलं करता येत नाही, ही त्याची जुनी अडचण. कंपनीतही लोक त्याच्यावर यासाठी वैतागतात.

जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला, तो शिकायला आला तेव्हाची गोष्ट. सुट्टीत मित्रांबरोबर गाडीने निघायचं, आणि स्टेशनात पोलीस दिसले की घोळक्यातून त्यालाच बाजूला घ्यायचं. एकदा घ्यायचं, पुन्हा घ्यायचं. कुणी ओरडायचं नाही, कुणी धक्का द्यायचं नाही. "आउसवाइस, बिट्टं," एवढंच. ओळखपत्र दाखवा. एकदा आईने पाठवलेला लाडवांचा डबा उघडून दाखवावा लागला होता, आणि पोलिसाने लाडवाला बोट लावून वास घेतला होता. मित्र पुढे जाऊन थांबायचे, घड्याळाकडे बघायचे, आणि तो आला की कुणीतरी विनोद करायचं. विनोदाला तोही हसायचा. त्या वर्षांत त्याला एक चाल लागली: फार भरभर नाही, फार हळू नाही, हात खिशाबाहेर, नजर पोलिसांवर नाही आणि पोलिसांपासून चुकवलेलीही नाही. नागरिकत्व मिळालं, केस पिकले, तरी स्टेशनात शिरताना ती चाल आपोआप येते. नंदिनी म्हणते, "असा का चालतोस रे, परीक्षेला निघाल्यासारखा?" तिला त्याने कधी नीट सांगितलेलं नव्हतं.

म्हणून फ्राऊ ब्रेंडेल महापौरपदी निवडून आल्या आणि त्यांनी जे मांडलं ते ऐकून तो शहाण्या वयात एखाद्या पुढाऱ्याच्या प्रेमात पडल्यासारखा झाला. स्टेशनासमोर एका बसड्रायव्हरला भोसकलं होतं, शहर घाबरलं होतं, आणि जो तो पोलीस वाढवा म्हणत होता. पोलीस राज्याचे असतात, महापौराचे नाहीत. महापौराच्या हातात काय असतं, तर दिवे, बाकं, झुडपं, ट्रॅमच्या वेळा. फ्राऊ ब्रेंडेलनी तेच हातात घेतलं. भुयारी रस्त्यांत उजेड आणला, स्टेशनामागची झुडपं छाटली, नशा करणाऱ्यांच्या शेजारी बसून बोलणारी माणसं नेमली. शस्त्रबंदीला त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर: कुणाला थांबवायचं ते माणसाची नजर ठरवणार नाही, चिठ्ठी ठरवेल. राटहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, सभागृहात त्या म्हणाल्या होत्या, भीती कमी करायची असेल तर दोन्ही कमी करायला हव्यात, चाकूची आणि पोलिसाची. मागच्या रांगेत बसलेल्या शिरीषचे डोळे भरून आले होते. त्याच्या लहानशा कंपनीला ते काम मिळालं तेव्हा त्याने घरी पेढे आणून वाटले. जर्मनीत पेढे मिळत नाहीत, नंदिनीने दूध आटवून केले.

चिठ्ठीचं महापौरबाईंच्या डोक्यात आलं तेही शिरीषमुळे. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं होतं, लोक यंत्रावर विश्वास कसा ठेवतील? आणि शिरीषने त्यांना पुण्यातल्या सोसायटीची गोष्ट सांगितली होती. टेलिफोन खात्यातल्या लोकांची सोसायटी, बाबा तिचे सेक्रेटरी. स्कूटर ठेवायला शेड कमी, स्कूटरी जास्त. दरवर्षी गच्चीवर सगळे जमायचे, नावांच्या चिठ्ठ्यांच्या घड्या करून पितळी डब्यात टाकायचे, बाबा डबा खळखळ हलवायचे आणि छोट्या शिरीषला पुढे बोलवायचे. लहान मुलाला कुणाची स्कूटर कुठली हे कळत नाही, म्हणून हात त्याचा. बाबा एका हाताने त्याचे डोळे झाकायचे. त्या तळहाताला राळेचा वास यायचा, खात्यात तारा जोडून आल्याचा. अंधारात तो वास, डब्याच्या थंड कडा, बोटांना लागणाऱ्या कागदाच्या घड्या आणि भोवती गप्प झालेली सगळी मोठी माणसं. इतकी माणसं आपल्या बोटांसाठी थांबलीत, हे त्याला आजही अंगावर आठवतं. चिठ्ठी निघायची, बाबा नाव वाचायचे, आणि कुणी भांडायचं नाही. फ्राऊ ब्रेंडेलनी ती गोष्ट जशीच्या तशी उद्घाटनाच्या भाषणात सांगितली. "पुण्यामध्ये," त्या म्हणाल्या, "एक मूल डोळे मिटून चिठ्ठी काढतं." बाबा तेव्हा नुकतेच आले होते. पहिल्या रांगेत बसले होते. शिरीषने कानात अर्थ सांगितला तशी त्यांनी खिशातला रुमाल काढला. नंतर महापौरबाईंनी स्वतः येऊन त्यांचा हात हातात घेतला होता, आणि आठवडाभर बाबा पुण्याला फोन करकरून सांगत होते की इथल्या महापौर ट्रॅमने कचेरीत जातात आणि त्यांना आपली सोसायटी माहीत आहे.

बटण नंतर आलं. सुरक्षेचं काम बघणारे लोक म्हणाले, समोरून एखादा माणूस कोटाखाली सुरा धरून आला आणि तुमचा दिवा हिरवा लागला, तर काय आम्ही त्याला जाऊ द्यायचं?  मग अपवादासाठी बटण ठरलं. महापौरबाईंनी मान हलवली, अगदीच गरजेच्या वेळी, म्हणाल्या. कुणीतरी विचारलं, बटणाने लागणारा दिवा वेगळ्या रंगाचा ठेवायचा का? आणि यावर सगळे एकदम एकमताने नाही म्हणाले. ज्याला थांबवलं त्याचा चारचौघांत अपमान होईल. याच्यावर संशय आहे, असं दिव्याने ओरडून सांगितल्यासारखं होईल. लाल तो लाल राहू द्या. शिरीषला तो मुद्दा फार पटला होता. कायझर्सलाउटर्नच्या फलाटावरचा मुलगा त्याला आठवला, घड्याळ बघणारे मित्र आठवले, आणि त्याला वाटलं, त्या वेळी असा एक दिवा असता तर मलाही कुणाला सांगता आलं असतं की हा योगायोग होता. चांगुलपणाने केलेली गोष्ट होती ती. सगळ्यांनी मिळून, कॉफी पीत, चांगुलपणाने.

"गुरुवारी मीपण येतो," बाबा अचानक म्हणाले.

गुरुवारी नगरसभेची बैठक होती. दिवे ट्रॅमच्या मोठ्या थांब्यांवरही लावायचे की नाही यावर मतदान. एका बाजूचे म्हणत होते, हा चिठ्ठीचा पोरखेळ बंद करा आणि पोलिसांना त्यांच्या नजरेने माणसं निवडू द्या. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, तपासणीच बंद करा. फ्राऊ ब्रेंडेल मधोमध उभ्या होत्या, आणि त्यांनी शिरीषला दिव्याबद्दल चार शब्द बोलायला बोलावलं होतं.

"तुम्ही काय करणार तिथे?" शिरीषने विचारलं.

"बोलणार. इंग्रजीत बोलेन, टेलिफोन खात्यात काय गवत नाही उपटलं. म्हणेन, मी पुण्याहून आलेला, या मुलाचा बाप. याने केलेल्या दिव्याने मलाच धरलं. बापाला सोडलं नाही. याहून मोठा पुरावा कुठला पाहिजे त्यांना? चाकू गेला, पण माझी तक्रार नाही. असं म्हटलं की बघ, सगळे गप्प होतात का नाही. तुमच्या महापौरबाईंनाही बरं वाटेल. पाठव ना त्यांना निरोप."

निरोप पाठवला असता तर अर्ध्या तासात होकार आला असता हे शिरीषला माहीत होतं. कानटोपी घातलेला भारतीय म्हातारा, हसतमुख, हात जोडून सांगतो की योगायोगाने मला थांबवलं आणि मला आनंद आहे. वर्तमानपत्रांना असा फोटो रोज मिळत नाही. बैठक जिंकली जाईल. दिवे लागतील. आणि प्रत्येक थांब्यावर एक अंगठा असेल. खरं बोललो तर? तर ज्यांना नजर हवी आहे ते म्हणतील, बघा, शेवटी पोलिसाच्या नजरेनेच चाकू पकडला. दिवा काढा, नजर राहू द्या. फ्राऊ ब्रेंडेल पडतील. पुन्हा एखादा विद्यार्थी फलाटावर डबा उघडून दाखवेल आणि मलाच का, हे विचारायलाही त्याला काही आधार नसेल. शिरीषने दोन्ही बाजू तोलून बघितल्या. कुठूनही गेलं तरी मध्ये बाबांचं ते दोन्ही हात वर करणं येत होतं. जगातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला चालेल, पण यांना त्या सभागृहात उभं करून हे वाक्य म्हणायला लावायचं नाही. एवढं एकच त्याला स्वच्छ कळलं.

"बाबा," तो म्हणाला, "ती चिठ्ठी नव्हती."

बाबांनी मोबाईल खाली ठेवला.

"त्या यंत्राला एक बटण आहे. पोलिसाला संशय आला तर तो दाबतो आणि दिवा लाल होतो. बाहेरून काही कळत नाही. मीच बसवलंय ते. आज त्याने दाबलं. मी बघितलं."

गाडी एका लहान स्टेशनात थांबली, दारं उघडली, कुणी चढलं नाही, दारं मिटली. बाबा खिडकीतून त्या रिकाम्या फलाटाकडे बघत राहिले. आता यांचा चेहरा पडेल, असं वाटून शिरीषने नजर पिशवीकडे वळवली.

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"बटणाबिटणाचं नाही माहीत. पण त्याने आधी माझ्याकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, आणि मग दिवा लागला. चिठ्ठी काढणारा आधी तोंड बघतो का? तुझे डोळे झाकायचो ना आम्ही."

"अहो, मग एवढे नाचलात कशाला? हात काय वर केलेत, त्याला शेकहँड काय केलात—"

"तू बघत होतास," बाबा म्हणाले. "तुझं तोंड असं झालं होतं, म्हटलं आता आपण हसलेलं बरं. एवढं काम केलंयस. पेढे वाटलेस. त्यात आणखी माझं कुठे."  "चाकूचं मात्र वाईट वाटलं रे. तिचा होता."

 इतकी वर्षं आपण या माणसापासून काय काय लपवून त्यांना सांभाळतो आहोत असं त्याला वाटत आलं होतं: नोकरीतली भांडणं, नंदिनीचं आजारपण, कायझर्सलाउटर्नचे पोलीस. आणि हे समोर बसून तेच करत होते, तेही जास्त सफाईने. त्याला त्यांचा राग आला आणि उठून त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं. जर्मन गाडीत असं बसत नाहीत. त्याने पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे धरली. बाबा घोटभर पाणी प्याले.

"त्या बाईंना तू गोष्ट पूर्ण सांगितली नाहीस ना?" बाबांनी विचारलं. "त्यांच्या भाषणात नव्हतं म्हणून म्हणतो. तुला तेव्हाच विचारणार होतो."

"पूर्ण म्हणजे?"

"लतिकाकाकू."

आणि शिरीषला ती गच्ची पुन्हा दिसली, चिठ्ठी निघून गेल्यानंतरची. सगळे उठायला लागलेले, चटया झटकल्या जाताहेत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लतिकाकाकू पदर खोचून उभ्या: "थांबा. उरलेल्या उघडा बघू." दरवर्षी. काकूंची चिठ्ठी कधी निघायची नाही, आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिलेलं नाही कशावरून, असा त्यांचा सवाल असायचा. बाबा हूं की चूं न करता खाली बसायचे, डबा चटईवर उपडा करायचे आणि एकेक घडी उलगडून मांडायचे, सगळ्यांना वाचता येईल अशी. शिरीषला तेव्हा काकूंचा भयंकर राग यायचा. आपल्या वडिलांवर संशय घेतात, तोही सगळ्यांदेखत. तो कठड्याशी जाऊन पाठ फिरवून उभा राहायचा, खालच्या स्कूटरी बघत. म्हणून त्याच्या गोष्टीत डोळे झाकणारा हात आला, राळेचा वास आला, आणि उपडा डबा आला नाही. फ्राऊ ब्रेंडेलना त्याने तो भाग लपवला नव्हता. त्याला तो गोष्टीचा भागच वाटला नव्हता. तो वडिलांचा अपमान होता, आणि अपमान सांगायचा नसतो हे तो कायझर्सलाउटर्नच्या आधीच, त्या कठड्याशी शिकला होता.

"तुम्हाला राग नाही यायचा काकूंचा?"

"पहिल्या वर्षी आला," बाबा म्हणाले. "दुसऱ्या वर्षापासून त्यांनी विचारायच्या आतच उघडायला लागलो. अरे, त्या उघडून दाखवल्या म्हणून लोक भांडायचे नाहीत. तुझ्या हातामुळे नाही. तुझं आपलं कौतुक होतं." ते हसले. "तुझ्या दिव्यात आहे का तसं काही? किती वेळा आपोआप लागला, किती वेळा कुणी लावला, लोकांना बघता येईल असं?"

"नाही."

"करता येईल?"

करता येईल. बटण दाबलं की दुसऱ्या रंगाचा, समजा पिवळा, दिवा, आणि शेजारी सगळ्यांना वाचता येईल असा आकडा, इतकी साधी गोष्ट. एका संध्याकाळचं काम. ज्याच्यावर पिवळा दिवा लागेल त्याचा चारचौघांत अपमान होईल, हे खरंच होतं. पण ज्याने दाबलं त्यालाही चारचौघांत दाबावं लागेल. आज त्या तरुण पोलिसाला पिवळा दिवा लावावा लागला असता, तर कदाचित त्याने बाबांच्या आधी गेलेल्या म्हाताऱ्याचीही एकदा आठवण केली असती. कदाचित नसतीही.  बाहेर ऊन पडलं होतं. एका टेकडीच्या उतारावर द्राक्षांच्या वेलींच्या रांगा दिसत होत्या.

फोन वाजला. फ्राऊ थीले होत्या, महापौरबाईंच्या मदतनीस, नेहमी घाईत आणि नेहमी आनंदी. गुरुवारचं पक्कं ना, त्यांनी विचारलं, आणि ती चिठ्ठीची गोष्ट पुन्हा सांगाल ना, ती लोकांना फार आवडते.

"सांगेन," शिरीष म्हणाला. "म्हणजे, मागच्या वेळी मी ती अर्धीच सांगितली होती, फ्राऊ थीले. पुढचा भाग राहिलाय."

"अस्सं? छान शेवट आहे?"

"शेवटी उरलेल्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडायच्या असतात. आपण त्या उघडत नाही. आज स्टेशनात माझ्या वडिलांवर लाल दिवा लागला. त्यांना सांगितलं की त्सुफाल आहे. तो नव्हता. बटण दाबताना मी बघितलं. गुरुवारी मला हे बोलायचंय, पण फ्राऊ ब्रेंडेलना ते सभागृहात पहिल्यांदा कळू नये असं वाटतं."

 मग त्याला अदबीने, आडनावाने हाक मारत फ्राऊ थीले हळूच म्हणाल्या, "हेर आगाशे, तुम्हाला माहीत आहे ना, यावर काय काय अवलंबून आहे?"

"हो," शिरीष म्हणाला. "माहीत आहे."

"थांबा जरा. त्या शेजारच्या खोलीतच आहेत. तुम्हीच सांगा."

फोनमध्ये दार उघडल्याचा, पावलांचा, कुणीतरी काहीतरी विचारल्याचा आवाज आला. बाबांना जर्मन कळत नव्हतं, पण कुणाशी बोलणं चाललंय हे त्यांना कळलं होतं. त्यांनी कानटोपी काढून नीट घडी करून ठेवली, केस हाताने बसवले, जणू बाई समोरच येणार होत्या. मग पिशवीतून काकडी काढली. हातरुमाल मांडीवर पसरला. सवयीने त्यांचा हात पिशवीच्या कप्प्यात गेला, तिथे थोडा वेळ राहिला आणि रिकामा बाहेर आला. त्यांनी काकडी दोन्ही हातांनी धरून गुडघ्यावर मोडली. ती वेडीवाकडी मोडली. कट् असा आवाज झाला, आणि पलीकडच्या रांगेतल्या बाईने पुस्तकातून मान वर केली. बाबांनी पुडी सोडून दोन्ही तुकड्यांना तिखट-मीठ लावलं. एक तुकडा त्यांनी आधी त्या अनोळखी बाईपुढे धरला. ती गोंधळली, मग हसली आणि घेतला. दुसरा तुकडा त्यांनी शिरीषपुढे केला.

"हेर आगाशे?" फोनमध्ये फ्राऊ ब्रेंडेलचा आवाज आला. "बोला, मी ऐकतेय."

शिरीषने काकडी हातात घेतली. बाबांनी मान हलवून खूण केली, बोल. या वेळी त्याने गोष्ट बटणापासून सुरू केली.